नेडीनचं प्रीमियम

साध्या गाडीत महागडं पेट्रोल घालणाऱ्या माणसाची मला तिडीक येते. येत होती असं म्हणायला हवं खरं तर, पण तसं म्हणता येत नाही, कारण अजूनही येते. मी इतकी वर्षं जे सांगत आलो ते आजही खरं आहे. आमच्या टेन्स्ली गावात कुणालाही विचारा. ड्वेन प्रुइट पेट्रोलबद्दल चुकीचं बोलला असं कुणी म्हणणार नाही. ऑरिन सेदरसुद्धा म्हणाला नाही.

माझं गॅरेज मोठ्या रस्त्यावर आहे आणि बरोबर समोर बेव्ह टॉलिव्हरचा पंप. आमच्याकडे उंचीमुळे हवा विरळ, म्हणून साधं पेट्रोल पंच्याऐंशी ऑक्टेनचं मिळतं आणि प्रीमियम एक्याण्णवचं. आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी, असं लोक धरून चालतात. ऑक्टेनचा ताकदीशी काडीचा संबंध नाही. ती पेट्रोलची सहनशक्ती. सिलिंडरमध्ये दाबलं गेलं तरी ठिणगी पडायच्या आधी आपणहून भडकायचं नाही, एवढंच त्या आकड्यात असतं. ज्या इंजिनात दाब जास्त त्याला ते लागतं. तुमच्या-आमच्या गाडीत ते ओतणं म्हणजे कोरड्या दिवशी दोन छत्र्या उघडून फिरणं.

हे मी लोकांना बारा वर्षं सांगतोय. सकाळी सात ते साडेआठ माझ्याकडे कॉफीला पाच-सहा जण जमतात, आणि आमचा एक नियम होता. साध्या गाडीत एक्याण्णव भरताना जो सापडेल त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी डोनट आणायचे, आणि शटरपाशी उभं राहून माझं भाषण ऐकायचं. बसायचं नाही, उभं राहूनच. चर्चच्या पाद्रीबाईसुद्धा एकदा सापडल्या होत्या. लाइल नावाचा आमचा एक मेंढपाळ छातीठोकपणे सांगायचा, की प्रीमियम घातलं की त्याचा पिकअप ट्रक घोड्यासारखा पळतो. मी बेव्हला हाताशी धरून महिनाभर त्याला न कळता साधंच भरायला लावलं. महिन्यानंतर विचारलं, "काय रे, कसा पळतोय?" म्हणाला, "वाऱ्यासारखा!" त्या दिवशी बेव्ह हसून हसून बेजार झाली. ती गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल देव जाणे.

"तुझ्यापायी माझं प्रीमियम कुणी घेत नाही," बेव्ह म्हणायची.

"तुझ्या गिऱ्हाइकांना अक्कल आली, त्याला मी काय करू?" मी म्हणायचो.

मला भाषण आवडायचं. लपवत नाही. माणूस डोनटचा खोका घेऊन उभा राहिला की माझ्या अंगात यायचं.

आता ऑरिनचं सांगतो. ऑरिन सेदरनं चाळीस वर्षं शाळेची बस चालवली. मी त्या बसमधून शाळेत गेलो, माझी मुलंही गेली. बर्फात एकदाही बस अडकवली नाही त्यानं. वय शहात्तर, बोलणं कमी, आणि त्याला कुणी हसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्याची बायको नेडीन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. दोन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला रक्त धुवायला केसवेलला न्यावं लागायचं, एल्कहॉर्न घाट ओलांडून अडुसष्ट मैल. जाऊन येऊन एकशे छत्तीस. टेन्स्लीत डायालिसिसचं यंत्र नाही, कधी येणारही नाही. मुलगी म्हणायची घर विका आणि केसवेलला राहा. नेडीन म्हणायची, "ऑरिनला शहरात ठेवलं तर तो माझ्याआधी जाईल." म्हणून ते दोघं आठवड्यातून तीनदा घाट चढत होते. त्यांच्याकडे एकच गाडी, वीस वर्षांची लांबलचक सेडान. ती गाडी चालली तर नेडीन जगणार, एवढं सरळ होतं. आणि ती गाडी दुरुस्तीला माझ्याकडे यायची.

जानेवारीतल्या एका सोमवारी दुपारी मी शटरमध्ये उभा होतो. ऑरिन केसवेलहून परत आला, पंपावर थांबला आणि एक्याण्णवची नळी उचलली. मी रस्त्यापलीकडून ओरडलो, "ऑरिन! तुम्हीसुद्धा?"

त्यानं मान वर केली. टाकी पूर्ण भरली आणि निघून गेला.

मंगळवारी सकाळी सव्वासातला तो डोनटचा खोका घेऊन आला. नियम तो नियम. नेडीन गाडीतच बसली होती, शटरपासून सहा पावलांवर, काच अर्धी खाली. त्या दिवशी तिची चर्चमध्ये तालीम होती. आत लाइल होता, बेव्ह होती, पोस्टातले दोघं होते. ऑरिन शटरपाशी उभा राहिला. टोपी हातात.

मी म्हणालो, "सांगा बघू ऑरिन, कुणी शिकवलं हे?"

"नेडीन म्हणाली घालून बघू," ऑरिन म्हणाला. "चढावर आवाज यायचा. टकटक. डब्यात गोट्या हलवाव्यात तसा. प्रीमियम घातल्यापासून बंद झाला. तीन आठवडे झाले. बरी चालते गाडी."

डब्यात गोट्या. गॅरेजात पहिल्या दिवशी आलेल्या शिकाऊ माणसालाही त्याचा अर्थ सांगतात. पेट्रोल वेळेआधी भडकतंय, पिस्टनवर घाव बसतायत. आणि साध्या गाडीला प्रीमियमनं खरोखर फरक पडत असेल, तर त्याचा अर्थ एकच असतो: गाडी आजारी आहे. निरोगी गाडीला फरक पडत नाही, हे तर मीच बारा वर्षं ओरडून सांगत होतो. मग ज्याला फरक पडतोय त्याचं बॉनेट उघडून बघावं, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. कारण समोर माणसं बसली होती आणि माझ्या अंगात आलं होतं.

"आवाज गाडीत नसतो, ऑरिन," मी म्हणालो, "आवाज कानात असतो. जास्त पैसे मोजले की कान आपोआप बरे होतात. लाइलला विचारा!"

सगळे हसले. लाइल सगळ्यात मोठ्यानं.

"नेडीनचा कान चांगला आहे," ऑरिन म्हणाला.

"असेल ना! मग असं करू, यापुढे टेन्स्लीतल्या सगळ्या गाड्या नेडीनकडेच पाठवू. ती ऑर्गन वाजवता वाजवता इंजिनं दुरुस्त करेल, आणि मी रविवारी चर्चमध्ये पाने-पक्कड घेऊन बसतो!"

पुन्हा हशा. मी बाहेर पाहिलं. नेडीननं ऐकलं होतं. तिनं हसून हात वर केला, चालू द्या तुमचं अशा अर्थानं. काच वर केली.

ऑरिनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यानं खोका टेबलावर ठेवला, टोपी घातली आणि म्हणाला, "बरं." मी त्याला गाडी आत घ्यायला सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. विचारणार कसा?

त्या गाडीचं काय बिघडलं होतं ते मला नंतर कळलं. जळालेला थोडा धूर परत इंजिनात फिरवून आतली आच कमी ठेवणारी एक झडप असते. ती काजळीनं बुजली होती. काढायची, खरवडायची, बसवायची. वीस मिनिटांचं काम. डोनट खायला आम्हाला त्याहून जास्त वेळ लागला.

बुधवारी आणि शुक्रवारी ते प्रीमियमवर जाऊन आले. रविवारी टाकी तळाला आली. त्या दिवशी माझं गॅरेज बंद असतं. बेव्हनं मला पुढे सांगितलं, की ऑरिननं एक्याण्णवच्या नळीला हात लावला, माझ्या बंद शटरकडे पाहिलं आणि मग पंच्याऐंशीची उचलली. ती म्हणाली, "मी काउंटरवरून बघत होते. मला हसू आलं, ड्वेन. मला वाटलं, चला, अजून एक सुधारला."

सोमवारचा फेरा सगळ्यात वाईट. शुक्रवारनंतर रक्त धुतलेलं नसतं, दोन दिवसांची घाण अंगात साठलेली असते, हृदयावर ताण असतो. म्हणून सोमवारी ते कधीच उशीर करायचे नाहीत. त्या सोमवारी वारा सुटला होता आणि रस्त्यावर बर्फ सरकत होतं. ते पावणेआठला घाटाच्या पायथ्याच्या फाटकातून गेले. आठ वाजून दहा मिनिटांनी रस्ते खात्यानं दोन्ही बाजूंची फाटकं बंद केली. वाऱ्यात फाटकं बंद करतातच, त्यात कुणाची चूक नाही. पण फाटक बंद झालं की मागून कुणी येत नाही आणि समोरूनही नाही.

गाडी सव्वाआठच्या सुमारास माथ्याच्या अलीकडे मेली. तिथे फोन लागत नाही. इंजिन बंद म्हणजे हीटर बंद. ऑरिननं डिकीतली दोन ब्लँकेटं आणि स्वतःचा कोट नेडीनवर घातला, अर्धा मैल चालत गेला, पुढचं काही दिसेना म्हणून परत आला. बर्फ काढणारी गाडी केसवेलच्या बाजूनं सव्वाएकला तिथे पोहोचली. पाच तास. नेडीन गेली होती. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, थंडीनं की रक्तात साठलेल्या घाणीनं ते सांगता येणार नाही. ऑरिनची दोन बोटं काळी पडली, ती नंतर काढली.

गाडी ओढून माझ्याकडेच आणली. दुसरीकडे कुठे नेणार? मी एकट्यानं इंजिन उघडलं. चौथ्या पिस्टनच्या माथ्यावर पाव डॉलरच्या नाण्याएवढं भोक होतं. कडा वितळलेल्या. बाकीच्या पिस्टनांवर बारीक बारीक घाव. हे एका सकाळचं काम नव्हतं, महिनेच्या महिने चाललेलं होतं, आणि तीन आठवडे प्रीमियमनं ते थोपवून धरलं होतं. मग मी झडप काढली. काजळी बोटानं निघाली. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. उठून शटर लावलं, कुणी पाहू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी कॉफीला लाइल म्हणाला, "शेवटी प्रीमियमनंच घात केला म्हणायचा. जुन्या इंजिनाला सोसलं नसणार."

कुणीतरी माझ्याकडे पाहिलं. मी कॉफी ओतत होतो, ओतत राहिलो. दोन दिवसांत सगळ्या टेन्स्लीत तेच झालं: नेडीननं हट्टानं महागडं पेट्रोल घालायला लावलं आणि इंजिन बसलं. मी एका शब्दानंही हे कुठे म्हणालो नव्हतो. मला म्हणावंच लागलं नाही.

दफन झाल्यावर दहा दिवसांनी ऑरिन आला. दुपारची वेळ, गॅरेजात मी एकटाच. हाताला पट्टी होती. तो चालतच आला होता.

"बसा ना, ऑरिन."

"बसत नाही. एकच विचारायचंय, पोरा." मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, पण त्याच्या बसमधला पोरगाच होतो अजून. "त्या प्रीमियमनं इंजिन खाल्लं का?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"लोक म्हणतात तसं. मला त्यातलं कळत नाही. नेडीननं ते घालायला लावलं. मी म्हणत होतो नको, ती ऐकेना." तो थांबला. "मला तिचा राग येतो, ड्वेन. तिचे कपडे आवरायला घेतले की राग येतो. का गं ऐकलं नाहीस, असं मी त्या कपाटाशी बोलतो. तिला पुरून दहा दिवस झाले आणि मी तिच्याशी भांडतोय. म्हणून म्हटलं तुला विचारावं. तुला माहीत असणार."

मला फक्त "हो" म्हणायचं होतं. "हो"सुद्धा नाही, नुसते खांदे उडवले असते तरी तो गेला असता. त्याला आयुष्यभर बायकोचा राग आला असता आणि मला लोकांनी पूर्वीसारखंच शहाणा म्हटलं असतं. हे सगळं माझ्या मनात आलं. आलं हे कबूल करतो. पण ज्या बाईला मी सगळ्यांसमोर हसलो, तिच्यावरच तिच्या मरणाचा दोष टाकून तिच्या नवऱ्याला घरी पाठवायचं, एवढा हलकटपणा माझ्याच्यानं झाला नाही.

मी त्याला टेबलापाशी नेलं आणि पिस्टन दाखवला. झडप दाखवली. सगळं सांगितलं. आवाज खरा होता. इंजिन आतून फुटत होतं. नेडीनचं प्रीमियम होतं म्हणून तीन आठवडे तुम्ही घाट चढू शकलात. ते बंद करायला नको होतं. आणि मी गाडी आत घेतली असती तर वीस मिनिटांत काम झालं असतं.

ऑरिननं चांगल्या हातानं पिस्टन उचलला. भोकातून बोट घातलं.

"त्या सोमवारी आवाज परत आला," तो म्हणाला. "तिनंच आधी ऐकला. फाटकापासून दोन मैलसुद्धा गेलो नव्हतो. म्हणाली, ऑरिन, परत फिरव, आत्ताच्या आत्ता ड्वेनकडे जाऊ. मी म्हणालो, ड्वेन म्हणतो आवाज कानात असतो."

"ऑरिन..."

"मग ती काही बोलली नाही. एरवी बोलायची. त्यानंतर गाडी बंद पडेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं पटलं तिला."

मी म्हणालो, "माझी चूक आहे. तुमची नाही." याहून दुबळं वाक्य मी जन्मात बोललो नसेन.

त्यानं पिस्टन खाली ठेवला. "उद्या सकाळी येतो," म्हणाला. "सगळे असतील ना? तेव्हा हे सांग. तिच्याबद्दल बोललास ना, तेवढ्याच मोठ्यानं."

सकाळी साडेसातला तो आला आणि शटरपाशी उभा राहिला. लाइल त्याला खुर्ची द्यायला उठला, त्यानं मानेनंच नको म्हटलं. मी कप ठेवला.

"सेदरांच्या गाडीबद्दल सांगायचंय," मी म्हणालो. "प्रीमियमनं काही बिघडलं नाही. गाडीत आधीच बिघाड होता, आवाज येत होता, तो प्रीमियमनं दबला होता. परत साधं घातल्यावर पिस्टन गेला. हे आधी लक्षात यायला हवं होतं."

बेव्हनं तोंडावर हात ठेवला. ती बहुतेक पंपावरचा रविवार आठवत होती.

लाइल म्हणाला, "अरे, पण तुला काय स्वप्न पडणार होतं? गाडी न बघता कुणाला कळतं? मनाला उगाच लावून घेऊ नकोस."

"त्याला माहीत होतं," ऑरिन म्हणाला. "मी सांगितलं होतं त्याला, इथेच उभा राहून. तुम्ही सगळे होता. डब्यात गोट्या, असं म्हणालो होतो."

लाइल खाली बघायला लागला.

"आणि पोरा, तू तिचं नाव घेतलं नाहीस," ऑरिन मला म्हणाला. "त्या दिवशी घेतलं होतंस."

मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नेडीन सेदरनं आवाज ओळखला. नेडीन सेदरनं प्रीमियम घालायला लावलं आणि तिचं बरोबर होतं. मी तिची थट्टा केली, म्हणून ऑरिननं ते थांबवलं. घाटात नेडीन सेदरनं परत फिरायला सांगितलं, तेव्हाही तिचंच बरोबर होतं. मी बोलत असताना पोस्टातला एक जण टोपीशी चाळा करत होता. बाहेर वारा चांगलाच होता, शटर खडखडत होतं, म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं.

संपलं तेव्हा ऑरिननं मान हलवली. हातमोजा चढवू लागला, पट्टीच्या हातानं त्याला तो जमेना, आणि कुणाला मदत करायचं धाडस झालं नाही. शेवटी त्यानं तो दातांनी ओढून घेतला.

मी त्याच्यामागून रस्त्यापर्यंत गेलो. म्हणालो, "ऑरिन, एवढ्या वाऱ्यात चालत कुठे जाता? मी घरी सोडतो."

"नको," तो म्हणाला. "तुझ्या गाडीत नको."